संगणक बिघडला म्हणजे

प्रतापगड म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे जावळीचे खोरे, अफझलखान आणि १६५९ सालचा तो मार्गशीर्ष उभा राहतो. आमचा प्रतापगड तो नव्हे. आमचा प्रतापगड गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधच्या जंगलाच्या शेजारी आहे. महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते. त्याच डोंगरावर महादेवाचे स्थान आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही आहे, आणि दोन्हीकडची माणसे एकाच वाटेने चढतात. सातारच्या प्रतापगडाला बखरकारांकडून जे भाग्य लाभले ते ह्याच्या वाट्याला आले नाही. म्हणून ह्या परिसराचा इतिहास म्हाताऱ्या माणसांच्या तोंडूनच ऐकावा लागतो, आणि तो त्यांच्या हयातीतच ऐकावा लागतो.

२००३ च्या सुमारास आम्ही असे ऐकत हिंडत होतो. यात्रेला येणाऱ्या बैलगाड्या, बांधाचे पाणी, तेंदूपत्त्याचा हंगाम, गोंदियाहून चांद्याकडे जाणारी लहान रुळांची गाडी, असे ज्याला जे आठवेल ते आम्ही वहीत उतरवून घेत असू आणि रात्री घरच्या संगणकावर टंकलिखित करीत असू. टंकन झाले की वहीची पाने घरातली मुले हिशेबाला नेत. संगणकात गेलेली गोष्ट म्हणजे लोखंडी पेटीत ठेवलेली गोष्ट, अशी आमची त्या वेळी समजूत होती. भारनियमनाचे दिवस होते. एका रात्री काम चालू असतानाच वीज गेली, आली, पुन्हा गेली. आणि सकाळी संगणक काही केल्या सुरू होईना. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी येत आणि तेथेच सारे थांबे.

आम्ही तो डबा चादरीत गुंडाळला आणि बल्लारशा-गोंदिया गाडीने शहरात घेऊन गेलो. दुकानातल्या मुलाने तो उघडला, कसली तरी तबकडी घातली, आणि म्हणाला, “गुरुजी, फॉरमॅट मारा लागते.” ‘फॉरमॅट’ हा शब्द आम्हांला सरकारी अर्जाच्या नमुन्यापुरता ठाऊक. यंत्राचा काही नमुना चुकला असेल, तो नीट बसवायचा असेल, असे आम्ही समजलो आणि म्हणालो, “मार बाबा.” दुसऱ्या दिवशी यंत्र अगदी नवे होऊन घरी आले. इतके नवे की त्यात आमचे एक अक्षरही शिल्लक नव्हते.

त्या मुलाचा दोष आम्ही मानत नाही. त्याने विचारले होते आणि आम्ही होकार दिला होता. परंतु त्या दिवसापासून आमच्या मनात एक प्रश्न घर करून बसला. घरात यंत्र येते, ते बिघडते, आणि घरचा माणूस दुसऱ्या माणसाला मदत मागतो. हा संवाद केव्हा सुरू झाला? तो कोणाशी होत असे, आणि कोणत्या भाषेत? राजांचा व लढायांचा इतिहास ह्या व्यासपीठावरून पुष्कळांनी सांगितला आहे. आज आम्ही ह्या लहानशा संवादाचा सांगणार आहोत.

आरंभीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली जो मोठा संगणक कामाला लागला, आणि ज्याला पंडित नेहरूंनी १९६२ साली ‘टिफ्रॅक’ असे नाव दिले, तो तेथल्याच लोकांनी बांधलेला होता. ज्याने बांधला तोच दुरुस्त करी. आपल्या हाताने विणलेली खाट सैल झाली तर ती ताणायला कोणी शहरात जात नाही. पुढे मोठ्या कारखान्यांत व कचेऱ्यांत आयबीएम या अमेरिकन कंपनीची यंत्रे आली, ती बहुधा भाड्याने. भाड्यातच देखभाल असे. यंत्र अडले की कंपनीचा माणूस येई, झाकण उघडी, काम करी आणि झाकण लावून निघून जाई. आत काय आहे हे ग्राहकाला कळण्याचे कारण नव्हते, आणि त्याने विचारण्याचीही रीत नव्हती.

ही व्यवस्था १९७८ साली तुटली. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे परदेशी कंपन्यांनी येथल्या धंद्यातील आपला वाटा चाळीस टक्क्यांवर आणावा असा आग्रह जनता सरकारने धरला. आयबीएमने तो मानला नाही आणि देश सोडला. यंत्रे मात्र येथेच राहिली. त्यांना आता पाहणार कोण? हे काम १९७५ च्या अखेरीस स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन ह्या सरकारी कंपनीकडे आले. तिच्या नावातच ‘देखभाल’ हा शब्द आहे, ही गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते. यंत्र बनवणाऱ्या कंपन्या जगात पुष्कळ झाल्या. दुसऱ्याने बनवलेले, आणि बनवणारा निघून गेलेला असताना चालू ठेवायचे यंत्र, ही वेगळीच विद्या आहे. आणि ती आपल्याकडे गरजेतून आली. ही कंपनी २००१ मध्ये टाटांकडे गेली व २०१५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीत विलीन झाली.

पण तोवर संगणक घरात नव्हताच. १९८१ साली आयबीएमने टेबलावर मावणारा संगणक काढला. आपल्याकडे १९८४ च्या नव्या धोरणाने आयात सैल झाली, आणि त्याच सुमारास ‘क्लास’ नावाच्या योजनेखाली देशातल्या सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो ही इंग्लंडची यंत्रे बसली. मोठ्या यंत्राबरोबर त्याचा वैद्य येत असे. लहान यंत्र एकटेच आले. जे यंत्र घराघरांत जाणार त्याच्यामागे कंपनीचा पगारी माणूस किती धावणार? तेव्हा ही जागा भरून काढली ती पदवीधर अभियंत्यांनी नव्हे. ती भरली बाजारपेठेतल्या रेडिओवाल्याने, घड्याळजीने, टीव्हीच्या मेकॅनिकने. सोल्डरिंग गन, मीटर आणि निकामी सामानाने भरलेला खोका एवढ्या भांडवलावर ज्याचे घर चालत होते, त्याच्या बाकावर एके दिवशी कोणीतरी संगणक आणून ठेवला, आणि त्याने ‘बघतो’ असे म्हटले. आमच्या मते महाराष्ट्रातल्या घरगुती संगणकाचा खरा इतिहास ह्या ‘बघतो’पासून सुरू होतो.

ह्याचे सर्वांत ठळक उदाहरण पुण्याचे आहे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे मूळ असलेले कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून गणनयंत्रे, म्हणजे कॅल्क्युलेटर, दुरुस्त करण्याच्या दुकानात कामाला लागले. १९९० च्या सुमारास त्यांनी स्वतःचे लहानसे दुकान काढले. गणनयंत्रांमागून संगणक दुरुस्तीला येऊ लागले, आणि त्यांतली पुष्कळशी यंत्रे मोडलेली नसून ‘आजारी’ असतात असे आढळू लागले. धाकटे बंधू संजय हे मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते. थोरल्याच्या दुकानात आलेल्या रोगट यंत्रांवर धाकट्याने उतारे तयार केले, आणि १९९५ मध्ये त्यांतून विषाणुरोधक प्रणाली बाजारात आली. ‘क्विक हील’ हे तिचे नाव आज सर्वांना ठाऊक आहे. २०१६ साली ही कंपनी शेअरबाजारात नोंदली गेली. लोक ह्या गोष्टीतला पैसा पाहतात. आम्हांला तीत दुसरेच काही दिसते: औषध शोधले गेले ते दवाखान्यात, रोग्याच्या शेजारी बसून.

विषाणू म्हणजे जिवाणूंसारखा काही किडा यंत्रात शिरतो असे आजही पुष्कळांना वाटते. तो असतो कोणीतरी लिहिलेला मजकूर, स्वतःच्या प्रती काढत जाणारा. फ्लॉपी नावाची पातळ चकती एका यंत्रातून दुसऱ्यात गेली की तिच्याबरोबर तोही जाई. वैयक्तिक संगणकावरचा पहिला गाजलेला विषाणू १९८६ मध्ये आपल्या शेजारी, लाहोरला, अल्वी आडनावाच्या दोन भावांनी लिहिला. त्याचे नाव ‘ब्रेन’. त्या मजकुरात त्यांनी आपल्या दुकानाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक घातला होता आणि उपचारासाठी संपर्क साधावा असेही सुचवले होते! रोग आणि वैद्याचा पत्ता एकाच पुडीत मिळण्याचा असा प्रसंग वैद्यकाच्या इतिहासात आम्हांला आढळलेला नाही. पुढचे विषाणुकर्ते एवढे सरळ राहिले नाहीत. दरवर्षी ६ मार्चला जागा होणाऱ्या ‘मायकेलअँजेलो’ने १९९२ मध्ये जगभर घबराट उडवली, तो चकतीवरचा मजकूरच पुसून टाकी.

बाजारातल्या ह्या वैद्यांच्या काही युक्त्या ग्रंथांत सापडत नाहीत. संगणक सुरू करताच पडद्यावर काहीच न येता तो नुसता पीं-पीं करू लागला, की जुना मेकॅनिक डबा उघडतो, स्मृतीची पट्टी, म्हणजे रॅम, उपसून काढतो आणि तिच्या सोनेरी कडेवरून शाळकरी मुलाचे खोडरबर फिरवतो. पट्टी पुन्हा बसवली की यंत्र सुरू! ह्यात चमत्कार नाही. दमट हवेने आणि धुळीने त्या धातूच्या स्पर्शबिंदूंवर पापुद्रा चढतो, वीज नीट वाहत नाही, आणि खोडरबर तो पापुद्रा खरवडते. आमच्याकडे पावसाळा चार महिने आणि भातगिरण्यांची धूळ पुढचे काही महिने. तेव्हा खोडरबराला सुट्टी नसते. डब्यात पाल मरून पडणे, मुंग्यांनी पंख्यात वारूळ करणे, उंदराने दोर कुरतडणे ह्या तक्रारी अमेरिकेत छापलेल्या मार्गदर्शिकांत नव्हत्या. त्यांवरचे उपाय येथेच शोधावे लागले.

आणखी एक दुखणे इतिहासाच्या अभ्यासकाला विशेष रमवणारे आहे. संगणकाच्या पोटात रुपयाएवढा एक चपटा सेल असतो. यंत्र बंद असतानाही घड्याळ चालू राहावे एवढेच त्याचे काम. काही वर्षांनी तो संपतो, आणि मग दरवेळी सुरू करताना यंत्र कालगणना विसरते. जुनी यंत्रे तर थेट १ जानेवारी १९८० ही तारीख दाखवीत, कारण त्यांचा शकारंभच तो. परिणाम मात्र गंमतीचा नसतो. बँकेचे वा सरकारी कचेरीचे संकेतस्थळ आपली ओळख पटवणारा दाखला पाठवते. त्या दाखल्यावर मुदत असते. आणि यंत्राच्या मते तो दाखला अजून लिहिलाच गेलेला नसतो. ते म्हणते, हे स्थळ विश्वासू नाही. घरचा माणूस बँकेवर संतापतो, इंटरनेटवाल्याला बोल लावतो, आणि दोष असतो त्या सेलचा. आम्ही स्वतः असे दोन दिवस घालवले आहेत. शेवटी शेजारच्या नववीतल्या मुलीने पडद्याच्या कोपऱ्यात बोट दाखवून विचारले, “आजोबा, तुमच्याकडे अजून दोन हजार नऊच चालू आहे का?”

आता भाषेकडे वळू. आमच्या मते ह्या इतिहासातले सर्वांत मोठे दुखणे तेच आहे.

संगणकाला मराठी येत नव्हते. कळफलकाचा ‘इन्स्क्रिप्ट’ हा आराखडा १९८६ मध्ये ठरला, पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी मोठे काम केले, १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने ‘इस्की’ ही लिपिसंहिता प्रमाण केली, आणि त्याच वर्षी जागतिक ‘युनिकोड’मध्ये देवनागरीला स्थान मिळाले. कागदावर सारे काही झाले होते. छापखान्यांत व घरांत मात्र निराळाच प्रकार रूढ झाला. यंत्राला इंग्रजी अक्षरेच ठाऊक. तेव्हा आतून इंग्रजी अक्षर आणि वरून मराठी मुखवटा अशी सोय करण्यात आली. तुम्ही ‘क’ पाहत असता, यंत्र मात्र भलतेच इंग्रजी चिन्ह साठवत असते. प्रत्येक टंकवाल्याचा मुखवटा वेगळा. तो टंक त्या यंत्रावर नसला की साऱ्या मजकुराची रांगोळी विस्कटलेली! विंडोज २००० पासून यंत्राला देवनागरी मुळातून समजू लागली, तरी जुनी सवय पुढे कैक वर्षे सुटली नाही.

आमच्या पिढीने मोडी वाचणारी शेवटची माणसे पाहिली आहेत. घरात दप्तर आहे, कागद शाबूत आहे, शाई ठळक आहे, आणि वाचता येत नाही. मोडी जाऊन अशी स्थिती यायला काही दशके लागली. टंकांच्या बाबतीत ती दहा-पंधरा वर्षांतच आली. १९९५ ते २००५ ह्या काळात मराठी घरांत, ग्रामपंचायतींत, लहान छापखान्यांत जे टंकलिखित झाले त्यातले किती आज उघडून वाचता येईल, ह्याचा विचार इतिहास मंडळांनी केला पाहिजे. असा मजकूर उघडत नाही म्हणून कोणी मदत मागायला गेला तर ‘फाइल खराब आहे, डिलीट करा’ असा सल्ला मिळे. फाइल खराब नसे. तिचा मोडी वाचणारा मिळत नसे, इतकेच.

अज्ञान दूर करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे कोणी म्हणू नये. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्याला पोचला. नोकरीसाठी तो लागतो म्हणून लक्षावधी लोकांनी तो केला. शिक्षक, ग्रामसेवक, गृहिणी, कोणी राहिले नाही. मराठीतून संगणकाचे धडे पहिल्यांदा एवढ्या प्रमाणावर दिले गेले, हे श्रेय मोठे आहे. परंतु तो मुख्यतः यंत्र चालवण्याचा अभ्यासक्रम. चालेनासे झाल्यावर काय विचारावे, कोणत्या शब्दाला होकार द्यावा आणि कोणत्या शब्दाला थांब म्हणावे, हे घरोघर ठेच लागूनच शिकले गेले.

मग दूरध्वनी आणि इंटरनेट आले, आणि मदत दुकानातून निघून हवेतून येऊ लागली. मुलगा पुण्याला वा बंगळुरूला, आईवडील गोंदियाला. तो तेथे बसून येथल्या पडद्यावरचा बाण हलवतो. ही सोय विलक्षण आहे. टीम व्ह्यूअरसारखी साधने २००५ पासून निघाली आणि दूर राहणाऱ्या मुलांचा अर्धा रविवार त्यांनी वाचवला. पण ज्या दाराने मुलगा येतो त्याच दाराने चोरही येतो. ‘तुमच्या संगणकात विषाणू सापडला आहे, आम्ही अमुक कंपनीतून बोलतो,’ असा फोन येतो किंवा पडदा एकाएकी लाल होऊन त्यावर क्रमांक झळकतो. घाबरलेला माणूस आपणच दार उघडून देतो. असल्या टोळ्या आपल्या देशातून परदेशातल्या म्हाताऱ्या माणसांनाही लुबाडत होत्या. मायक्रोसॉफ्ट व ॲमेझॉन यांच्या तक्रारींवरून केंद्रीय अन्वेषण विभागाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ठिकठिकाणी छापे घातले. खरी कंपनी आपण होऊन असा फोन करीत नाही, एवढे एक वाक्य घरच्या दूरध्वनीजवळ लिहून ठेवावे. आणि पैसे गेलेच तर लाजत बसू नये. १९३० ह्या क्रमांकावर त्याच घटकेला कळवावे, कारण पैसा खात्यांखात्यांतून पुढे जाण्यापूर्वीच अडवता येतो. पूर्वी लाल दिवा लागला की आम्ही मेकॅनिकला घरात घेत असू, पण त्याचे दुकान कोठे आहे, त्याचा बाप कोण, हे आम्हांला ठाऊक असे. ह्या एका फरकाने सारे बदलले.

१९७८ सालची गोष्ट आता घराघरांत घडते आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. विंडोज एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला थांबवली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला, आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. कंपनी निघून जाते, यंत्र आपल्या घरी राहते. नवी विंडोज ११ बसवावी तर तिला सुरक्षेची ठरावीक सोय असलेले यंत्र लागते, आणि धडधाकट चालणारी पुष्कळ जुनी यंत्रे त्या परीक्षेत नापास होतात. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ काढले आहे. ते स्वागतार्ह आहे. पण आमच्या तालुक्यात ह्या प्रश्नाचे उत्तर आजही एका बाकामागे बसलेला तरुणच देतो. “ह्याच्यावर लिनक्स टाकून देतो, काका, अजून पाच वर्षे ओढेल,” असे तो म्हणतो आणि बहुधा ओढतेही.

आमच्या टिपणांचे पुढे काय झाले, हे काही श्रोते विचारतील. फॉरमॅट केल्याने मजकूर लगेच नाहीसा होत नाही, हे आम्हांला फार उशिरा कळले. तलाठ्याच्या दप्तरातली सूची जाळली तरी शेते जागच्या जागी असतात, तसेच ते आहे. सूची जाते, मजकूर पडून राहतो. मात्र त्यावर नवी नांगरणी झाली की जुन्या बांधाची खूण उरत नाही. त्या दिवशी यंत्र बंद करून ठेवले असते तर जाणकाराला पुष्कळ काही परत काढता आले असते. आम्ही तर आनंदाने त्यावर महिनाभर पत्रे लिहीत बसलो होतो.

तरी थोडे हाती लागले. यात्रेवरचा एक लेख आम्ही एका छापखान्याला चकतीवर दिला होता, आणि त्याबरोबर चुकून टिपणांचा एक भागही गेला होता. २०११ मध्ये ती चकती सापडली. उघडली तेव्हा पडद्यावर कंस, टिंबे आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. तो टंक तोवर कोणाकडेच नव्हता. अर्जुनीच्या एका संगणकवाल्या तरुणाने जुन्या पुस्तकातल्या छापील पानाशी एकेक चिन्ह ताडून पाहत कोष्टक तयार केले, मोडीचा अभ्यासक करतो तसे. तीन आठवडे लागले. जोडाक्षरे काही केल्या जुळेनात, आणि काही माणसांची आडनावे आम्ही आजही खात्रीने वाचू शकत नाही. बैलगाड्यांच्या आठवणी आल्या. तेंदूपत्त्याच्या अर्ध्या आल्या. लहान रुळांच्या गाडीवर काम केलेल्या एका वृद्ध गँगमनने दोन संध्याकाळी जे सांगितले होते ते त्या चकतीवर नव्हते. आम्ही पुन्हा त्याच्या घरी गेलो, तेव्हा दारात त्याची सून होती. म्हातारे जाऊन चार वर्षे झाली, असे ती म्हणाली, आणि तिने चहा ठेवला.

त्या तरुणाचे दुकान आता रस्त्यावर आले आहे. कोणी यंत्र घेऊन आले तर तो पेचकस हातात घेण्यापूर्वी एकच विचारतो, “काका, ह्यातले दुसरीकडे कुठे ठेवले आहे का?” गिऱ्हाईक ‘नाही’ म्हणाले की तो आधी सारे बाहेरच्या डिस्कवर काढून घेतो, त्याचे वेगळे पैसे सांगतो, आणि मग झाकण उघडतो.